हमोंग कापडाची घासाघीस करण्याआधी

व्हिएतनाम फिरून आलेल्यांच्या अल्बममध्ये हल्ली एक फोटो ठरलेला असतो. उत्तरेकडच्या सा पा गावाजवळची भातखाचरं आणि पुढ्यात गडद निळ्या कपड्यांतली हमोंग बाई. (हमोंग म्हणजे दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओसच्या डोंगरांत राहणारा एक समाज.) खाली ओळ: 'लोकल मार्केट, अर्ध्या किमतीत उचललं!' अर्ध्या किमतीत नेमकं काय उचललं, ते तरी माहीत असावं, एवढ्यासाठी ही लांबलचक पोस्ट.

सुरुवात धाग्यापासून. पारंपरिक कापड हेम्पचं, म्हणजे भांगेच्याच कुळातलं, पण धाग्यासाठी पेरलेलं झाड. ते मुद्दाम दाट पेरतात. विरळ पेरलं की फांद्या फुटतात, आणि फांदी जिथे फुटते तिथे साल तुटते. दाटीत झाड सरळसोट वर जातं आणि सालीची लांब पट्टी निघते. अडीच-तीन महिन्यांत कापणी, मग वाळवण, मग हाताने सोलणं. एका पट्टीचं टोक दुसरीच्या टोकात पिळून जोडायचं. गाठ चालत नाही, कारण ती मागाच्या फणीत अडकते. हे जोडकाम बायका बाजाराच्या वाटेवर चालताना, गप्पा मारतानाही करतात. पुढे पायाने फिरवायच्या चरख्यावर एका वेळी चार-चार धाग्यांना पीळ, राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळणं, आणि अरुंद मागावर विणणं. कापडाचा पन्हा जेमतेम एक-सव्वा फूट.

विणलेलं हेम्प खरखरीत असतं. म्हणून ते गोल ओंडक्यावर घालून वर सपाट, जड दगड ठेवतात, आणि बाई त्या दगडावर उभी राहून डावी-उजवीकडे झुलते. पर्यटक याचे हौसेने व्हिडिओ काढतात. पण पुढे या कापडावर मेणाने नक्षी काढायची असते, म्हणजे मेण असेल तिथे रंग शिरत नाही. कापड असं सपाट झालं नाही तर मेणाची रेघ अडखळते, हे त्या झुलण्यामागचं कारण.

मेण मधमाशीचं, निखाऱ्यांवर वितळवलेलं. लेखणी म्हणजे बांबूच्या काडीला बांधलेले तांब्याचे किंवा पितळेचे छोटे पत्रे. पत्र्यांच्या फटीत मेण धरून राहतं. खरी गंमत तापमानात आहे. मेण जास्त तापलं तर कापडावर पसरतं आणि रेघ जाड होते. कमी तापलं तर वरवरच बसतं, सुकल्यावर पोपडा निघतो आणि त्याखाली रंग शिरतो. चुकलेली रेघ खोडता येत नाही. आणि हे सगळं बहुतेक वेळा छापाशिवाय, नुसत्या नजरेच्या मापावर चालतं.

मग नीळ. पानं पाण्यात काही दिवस कुजवायची, चोथा काढायचा, चुना घालून पाणी घुसळायचं. फेस येतो आणि तळाला निळीचा गाळ बसतो. गाळ, राखेचं पाणी आणि थोडी तांदळाची दारू रांजणात आंबवली की रंग तयार. आंबवायचं कशाला? निळ पाण्यात विरघळत नाही. आंबताना तिचं रूप बदलतं, ती विरघळते आणि धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की आधी हिरवट दिसतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. रांजण फार ढवळला तर हवा आतच मिसळते आणि रंग चढत नाही. थंडीत आंबणं मंदावतं. आणि पाणी तापवून घाई करावी म्हटलं, तर मेण सुटतं! म्हणून थंड रांजणात बुडव, वाळव, पुन्हा बुडव, असं कित्येक दिवस. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढलं की पांढरी नक्षी उघडी पडते.

हमोंगांच्या भरतकामाला 'पा न्दाउ' म्हणतात, म्हणजे फुलांचं कापड. रोमन लिपीत या दुसऱ्या शब्दाच्या शेवटी 'बी' लिहितात, पण तो उच्चारायचा नसतो, तो उंच सुराची खूण आहे. ही रोमन पद्धत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशनऱ्यांनी लाओसमध्ये बसवली. त्यानंतर १९५९ मध्ये शाँग लू यांग या शेतकऱ्याने, ज्याला कुठलीच लिपी येत नव्हती, हमोंगसाठी स्वतंत्र लिपी घडवली. १९७१ मध्ये त्याचा खून झाला. हरवलेली जुनी लिपी बायकांनी घागऱ्यांच्या नक्षीत लपवली, अशी दंतकथा दुकानदार रंगवून सांगतात. ऐकायला छान आहे, पण ती नक्षी वाचता येते असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

हेम्पचं महत्त्व घागऱ्यापुरतं नाही. पारंपरिक अंत्यविधीत मृताच्या अंगावर हेम्पचं वस्त्र घालतात आणि वाट दाखवणारं गीत गातात. ते गीत आत्म्याला, माणूस जिथे जिथे राहिला त्या एकेका गावातून मागे नेत जन्मघरापर्यंत पोचवतं, कारण तिथे त्याची वार (बाळाच्या जन्मानंतर नाळेबरोबर पडते ती) पुरलेली असते. वारेसाठीच्या हमोंग शब्दाचा अर्थ अंगरखा. पहिला अंगरखा शोधून, तो घालूनच पुढे जायचं. 'नाळ पुरलेली जागा' म्हणणाऱ्या आपल्या भाषेत हे वेगळं समजवायची गरज नाही. निर्वासितांच्या बाबतीत ही वाट किती लांब होत असेल, याचा मात्र विचार करा.

कारण लाओसच्या हमोंगांची वाट खरोखर लांबली. १९६१ पासून सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने हमोंग सेनानी वांग पाओच्या हाताखाली कम्युनिस्टांविरुद्ध त्यांची गुप्त फौज उभी केली. (सगळे हमोंग त्या बाजूला नव्हते, फायदांग या दुसऱ्या हमोंग पुढाऱ्याच्या मागे गेलेले कम्युनिस्टांकडून लढले. आणि सा पाच्या बाजारातल्या बाईला या फौजेची गोष्ट चिकटवू नका, तिचा इतिहास वेगळा.) १४ मे १९७५ ला वांग पाओ लाँग तिएंगच्या तळावरून विमानाने निघून गेला. बाकीचे हजारो लोक जंगलातून चालत, बांबूच्या आधाराने मेकाँग पोहत थायलंडच्या छावण्यांत पोचले.

बान विनाईसारख्या त्या छावण्यांत 'गोष्टीचं कापड' जन्मलं. आकृत्या अनेकदा पुरुष काढून देत, बायका भरीव टाक्याने भरत: विमानं, सैनिक, नदीत बुडणारी माणसं. गिऱ्हाईक परदेशी, म्हणून रंग सौम्य केले आणि इंग्रजी अक्षरंही भरली. त्याला 'प्राचीन परंपरा' म्हणून विकणं मला खटकतं. ते विक्रीसाठीच जन्मलं, आणि ज्यांच्याकडे छापील इतिहास नव्हता त्यांनी त्यात आपली साक्ष टाचून ठेवली. प्राचीनतेचा शिक्का त्याला कशाला हवा? अमेरिकेला मात्र २००० साल उजाडावं लागलं, तेव्हा कुठे तिथे जाऊन राहिलेल्या या जुन्या सैनिकांना नागरिकत्वासाठी इंग्रजीची अट माफ झाली. अमेरिकेतल्या सेंट पॉलची हमोंग जिम्नॅस्ट सुनी ली टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकली त्या दिवशी सगळ्यांना 'हमोंग' शब्द समजला, हेही खरंच.

आता खरेदी. कापड उलटं करा. रांजणात बुडवलेल्या कापडाची नक्षी मागेही तितकीच दिसते, छापील कापडाची पाठ फिकी असते. रेघा थोड्याफार कमी-जास्त हव्यात. हातमागाच्या हेम्पचा पन्हा अरुंद, त्यामुळे मोठ्या चादरीत जोड नसेल तर कापड गिरणीचं. त्यावरचं मेणकाम तरीही हाताचं असू शकतं, तेव्हा सरळ विचारा. पट्टीवर चकलीसारखी गोल नक्षी असेल तर हात फिरवा: वरचा थर कापून, कड आत दुमडून टाचलेली असते. गोधडीत ठिगळ वरून लागतं, इथे खालचा रंग वर येतो. दुमडलेली कड बोटाला लागते, छापील चकली सपाट लागते.

घरी आणल्यावर वेगळं, गार पाण्यात, साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. पहिल्या काही धुण्यांत पाणी निळं होईल, बोटंही होतील. फसवलं म्हणून लगेच रिव्ह्यू टाकू नका, निळीचा सुटा रंग असा जातोच.