फक्त शेवटचा स्टॅक

पीएच.डी.च्या पाचव्या वर्षी, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (लेसरने पेशींची थराथराने चित्रे घेणारे यंत्र) कसा वापरावा याच्या प्राथमिक प्रशिक्षणाला मला परवा पुन्हा बसावे लागले. सोबत यंदाच दाखल झालेली सात मुले होती आणि त्यांतल्या एकीने अत्यंत आदराने विचारले, "मॅडम, आमची परीक्षा तुम्ही घेणार का?" मी "नाही" म्हटले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. माझ्यावरचा आरोप असा की, 20 एक्सच्या, म्हणजे वीसपट मोठे दाखवणाऱ्या आणि तेलाविना वापरायच्या, कोरड्या भिंगाला तेल लागलेले सापडले आणि नोंदवहीत आदल्या रात्रीच्या शेवटच्या वेळेसमोर सही माझी होती.

तेल मी लावले नव्हते. त्या रात्री 9 ते 11 हा स्लॉट मला पंधरा दिवस आधी नोंदणी करून मिळाला होता आणि त्याच्या आधीचे दोन दिवस पेशींची सेवा करण्यात गेले होते. 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये त्यांना स्थिर करायचे, पहिल्या अँटीबॉडीत (पेशीतले ठरावीक प्रथिन हुडकणारी) 4 अंशांवर रात्रभर ठेवायचे, दुसरीत (पहिलीला चिकटून चमकणारी) अंधारात तासभर, मधूनमधून पाच-पाच मिनिटांच्या तीन धुण्या, आणि एवढे सोपस्कार झाल्यावर कव्हरस्लिपच्या, म्हणजे वरच्या पातळ काचेच्या, कडा साध्या नेलपॉलिशने बंद करायच्या. (या साखळीत मला कधीही दगा न दिलेला पदार्थ हाच. मात्र तो बिनरंगी हवा, कारण रंगीत नेलपॉलिश लेसरखाली स्वतःच चमकू शकते.)

बरोबर नऊ वाजता मी त्या अंधाऱ्या खोलीचे दार उघडले. आधीचा वापरकर्ता शेजारच्या प्रयोगशाळेतला तिसऱ्या वर्षाचा मुलगा होता. त्याला हे यंत्र दोन वर्षांपूर्वी मीच शिकवले होते, हे इथे नमूद करून ठेवते.

"झालंच, ताई," तो मान न वळवता म्हणाला. "फक्त शेवटचा स्टॅक. पाचच मिनिटं."

स्टॅक म्हणजे एकाच पेशीची वरपासून खालपर्यंत थराथराने घेतलेली चित्रे. मी पडद्याकडे पाहिले. चित्राचा आकार 2048 गुणिले 2048 पिक्सेल, वेग सेकंदाला 400 रेषा, म्हणजे एका चित्राला पाच सेकंदांहून थोडे अधिक. प्रत्येक रेषा चार वेळा वाचून सरासरी काढायची, म्हणजे वीस सेकंद. रंग चार आणि तेही एकामागून एक, म्हणजे एका थराला 82 सेकंद. थर 60.

"अरे, याला 82 मिनिटं लागतील."

"यंत्र तसं दाखवतं, ताई. प्रत्यक्षात लवकर होतं."

"यंत्राने नाही, मी दाखवलं. सरासरी चारऐवजी दोनची घे ना, निम्म्या वेळात होईल."

"मग नॉइज येतो, चित्र दाणेदार दिसतं."

"बरं, थर कमी कर. पेशी आहे जेमतेम सहा मायक्रॉन जाडीची आणि तू 0.3 मायक्रॉनच्या टप्प्यांनी 18 मायक्रॉन मोजतो आहेस. पहिल्या वीस चित्रांत काही नाही, शेवटच्या वीसांतही काही नाही. नुसता काळोख आहे."

"हो, पण काळोख हासुद्धा डेटाच ना?"

यावर मला उत्तर सुचले नाही, कारण निगेटिव्ह कंट्रोलचे (जिथे काहीच दिसू नये अशा तुलनेच्या नमुन्याचे) माहात्म्य त्याला पटवून देणारीही मीच होते. मी रडकुंडीला येऊन सांगितले की, उद्या सकाळी माझी लॅब मीटिंग आहे आणि गाइडला तीन चित्रे दाखवायची आहेत. तो म्हणाला की, त्याचीही उद्याच आहे, आणि आपल्या दोघांचे दुःख समान असल्याच्या आनंदात त्याने कोपऱ्यातली खुर्ची माझ्याकडे सरकवली. माझ्याच स्लॉटमध्ये मला त्याने बसायला खुर्ची दिली. मग आपुलकीने म्हणाला, "आणि ताई, तुमचं तर आता संपतच आलंय. तुम्हाला कसली एवढी घाई?"

माझे संपत आले आहे, हे गेली दोन वर्षे माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे.

मी त्याला उठवू शकले असते. नियम माझ्या बाजूने होता आणि तो भिंतीवर चिकटवलेलाही होता. परंतु आमच्याकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज (नमुने अतिवेगाने फिरवून त्यांतले घटक वेगळे करणारे यंत्र) नाही, ते त्याच्या प्रयोगशाळेत आहे, आणि कोणत्या दिवशी त्याचा रोटर, म्हणजे नमुने धरून फिरणारा भाग, कोणासाठी रिकामा असेल हे ठरवणारा मनुष्य तोच आहे. जीवशास्त्रातले बरेचसे सहकार्य असल्याच पायावर उभे असते. मी खुर्चीत बसले आणि मार्व्हिन मिन्स्कीला मनातल्या मनात बोल लावले. या गृहस्थाने 1957 साली कॉन्फोकलच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका वेळी एकच बिंदू उजळायचा आणि त्या पातळीबाहेरून येणारा प्रकाश बारीकशा छिद्राने अडवायचा, ही त्याची युक्ती. चित्र स्वच्छ येते ते त्यामुळेच आणि रात्र सरते तीही त्यामुळेच. पुढे तो कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळला. रांगेत आम्ही राहिलो.

10 वाजून 22 मिनिटांनी शेवटचा काळोख टिपून झाला. मग त्याने पेनड्राइव्ह काढला. एकेक स्टॅक एक जीबीचा आणि असे सहा होते. 10 वाजून 40 मिनिटांनी तो "थँक्यू, ताई" म्हणून निघून गेला. उरलेल्या वीस मिनिटांत मी 63 एक्सच्या तेलाच्या भिंगाखाली अर्धवट फोकस झालेली दोन चित्रे घेतली. 20 एक्सकडे मी पाहिलेही नाही. 63 एक्सखाली स्लाइडवर तेल घातल्यानंतर ते न पुसता नवी पेशी शोधायला 20 एक्स फिरवले की ते कोरडे भिंग थेट तेलात बुडते. असे कोणी केले ते मला ठाऊक आहे. परंतु वहीत त्याची वेळ 9 वाजता संपलेली होती आणि त्याखाली मी 9 ते 11 लिहून, 'यंत्राची स्थिती' या रकान्यात 'उत्तम' असे लिहिले होते. तो रकाना सगळेच आल्या आल्या भरून टाकतात.

दुसऱ्या दिवशी फॅसिलिटीच्या (सामाईक यंत्रांच्या विभागाच्या) प्रमुख मॅडमची मेल सर्व विभागांना गेली. आम्ही शोधनिबंधांत 'पेशी धुण्यात आल्या', 'छायाचित्रे घेण्यात आली' असे लिहितो. आमचे सारे प्रयोग कर्मणी असतात आणि कर्ता कोणालाच नको असतो. मेलची सुरुवातही त्याच वळणाची होती, 'भिंगाला तेल लागल्याचे आढळून आले'. दुसऱ्या वाक्यात मात्र कर्ता अवतरला, आडनावासकट. मी जाऊन सगळे सांगितले, तेव्हा मॅडम सौम्यपणे म्हणाल्या, "वही तसं म्हणत नाही." त्या मुलाला विचारले, तर तो मनापासून हळहळला आणि म्हणाला, "लोक फार निष्काळजी झालेत, ताई."

प्रशिक्षणात दाखवलेल्या स्लाइड मी तयार केलेल्या होत्या. बाराव्या स्लाइडवर माझीच शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी होती आणि सातही मुले ती निष्ठेने उतरवून घेत होती. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी झाली आणि मला नऊ गुण मिळाले. चुकलेला प्रश्न असा होता की, तुमचा स्लॉट सुरू होतेवेळी आधीच्या वापरकर्त्याचे काम चालू असल्यास काय करावे? मी लिहिले होते, 'किती मिनिटे लागतील ते विचारावे आणि उत्तराला सोळाने गुणावे.'