स्टँडअप रोज होतं, निर्णय कोण घेतं?

तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, हे इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचं बोलणं अजून गाजतंय. ते बोलले ऑक्टोबर २०२३ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी आकडा ९० वर नेला. रत्नागिरीत कुणाच्याही पडवीत आयटीतली चार पोरं जमली की गाडी तिथं येतेच, आणि त्यापाठोपाठ दुसरा वाद सुरू होतो: एजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर लहान टप्प्यांत आणि वाटेत बदल करत बनवायची पद्धत, मेलं की जिवंत आहे? एक पक्ष म्हणतो, सगळं थोतांड, बंद करा. दुसरा म्हणतो, नीट राबवलंच नाही, आणखी एक ट्रेनिंग घ्या.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करतो, तीही काम बाहेर देणाऱ्या बाजूला. पुण्या-हिंजवडीच्या टीम मला रोज पलीकडून दिसतात आणि सुट्टीत घरी आलो की अलीकडून. मला वाटतं, दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न टाळतायत. टीमला 'हे या वेळी होणार नाही' असं म्हणता येतं का? आणि म्हटलं, तर पुढं काय होतं?

एजाइलचा मूळ मजकूर, म्हणजे त्याचा जाहीरनामा, फार लहान आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी १७ जण जमले. त्यांनी चार मूल्यं मांडली. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोठं. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं. करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाबरोबर मिळून काम करणं मोठं, आणि ठरलेली योजना पाळण्यापेक्षा बदलाला तोंड देणं मोठं. सोबत बारा तत्त्वं. त्यात स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) नाहीत, व्हेलॉसिटी (एका टप्प्यात टीमनं संपवलेले पॉइंट) नाही, स्क्रम या एजाइल पद्धतीतला स्क्रम मास्टर नाही, कामांची नोंद ठेवणारं जिरा हे सॉफ्टवेअर तर नाहीच. पुढं सर्टिफिकेटांचा बाजार एवढा वाढला की त्या सतरांतले डेव्ह थॉमस २०१४ मध्ये 'एजाइल मेलं' असं लिहून बसले. रॉन जेफ्रीस यांनी २०१८ मध्ये डेव्हलपरांना एजाइल सोडून द्यायला सांगितलं. दोघांचाही राग नावाखाली चाललेल्या धंद्यावर होता. मूळ मूल्यं त्यांनी टाकलेली नाहीत.

माझा भाचा रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातल्या घरातून पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करतो. क्लायंट कॅलिफोर्नियात, त्यामुळे उन्हाळ्यात यांचं स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, रात्री साडेनऊला. "मामा, पंधरा मिनिटांचं म्हणतात, पाऊण तास चालतं. मॅनेजर एकेकाला विचारतो, काल काय केलंस. आम्ही एकमेकांशी बोलतच नाही, सगळे त्याच्याशीच बोलतात." स्क्रमच्या गाइडमध्ये ही पंधरा मिनिटं काम करणाऱ्यांनी आपापसात दिवस आखण्यासाठी ठेवलेली आहेत. इथं त्या बैठकीची हजेरी झाली. पॉइंटांचंही तेच. दोन टीमची व्हेलॉसिटी एका स्लाइडवर शेजारी शेजारी लावली की पुढच्या स्प्रिंटला (कामाच्या काही आठवड्यांच्या टप्प्याला) तीन पॉइंटांचं काम पाचाचं होतं. काम तेवढंच, आकडा फुगलेला. रेट्रोमध्ये, म्हणजे टप्पा संपल्यावर काय चुकलं ते बघायच्या बैठकीत, महिनोन् महिने एकच तक्रार: टेस्टिंगचा सर्व्हर कमी पडतो. सगळे मान डोलावतात, बोर्डावर चिठ्ठी लागते. सर्व्हर घ्यायची सही मात्र त्या खोलीतल्या कुणाकडेच नसते.

याला पोरं आळशी किंवा मॅनेजर दुष्ट असं कारण देऊन भागणार नाही. तिसरं मूल्य आठवा, करार आणि सहकार्याचं. माझ्या बाजूला काय चालतं ते मी पाहतो. खरेदी विभाग ठरलेल्या किमतीला, ठरलेल्या यादीसह, ठरलेल्या तारखेचा करार करतो. यादीतली ओळ बदलायची तर 'चेंज रिक्वेस्ट', तिचे वेगळे पैसे. आणि पहिल्याच बैठकीत आमचेच लोक पुण्याच्या टीमला सांगतात, तुम्ही एजाइल पद्धतीनं काम करा. काय करायचं, कधी, किती पैशांत, हे सगळं आधीच बांधल्यावर त्या टीमनं लवचीक व्हायचं ते कशात? रात्री जागण्यात, एवढंच उरतं.

जर्मनीत बरं आहे, असं मात्र मी सांगत बसणार नाही. मोठमोठ्या एजाइल चौकटी विकत घेऊन जुन्याच पदांना नवी नावं देण्याचा उद्योग इथंही जोरात झाला. फरक आहे तो कायद्यात. १९७२ च्या कायद्यानुसार, कंपनीत निवडून आलेली कामगार परिषद असेल तर माणसांच्या कामावर नजर ठेवू शकेल असं कोणतंही यंत्र किंवा सॉफ्टवेअर आणताना तिची संमती लागते. आमच्याकडे जिरावरून एकेकट्याचा आकडा काढायला त्यामुळेच बंदी आहे. शिवाय दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांती द्यावीच लागते, म्हणजे रात्रीचं स्टँडअप आणि सकाळी आठची बैठक एकाच माणसाला लावता येत नाही. याचा त्रासही आहे. साधं नवं टूल आणायचं तरी महिने जातात. दिवसाच्या तासांची मर्यादा काढून आठवड्याची लावावी, असा प्रस्ताव २०२५ च्या आघाडी सरकारच्या करारातही आला. वाद इथंही मिटलेला नाही. पण 'नाही' म्हणणाऱ्याच्या पाठीशी काहीतरी उभं असतं.

गावी हे बोललं की उत्तर ठरलेलं: आपल्याकडे साहेबाशिवाय पान हलत नाही, आपली संस्कृतीच तशी. हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या दारातून धावतं. कोकण रेल्वे १९९० मध्ये हाती घेतली तेव्हा रेल्वे खात्याच्या नेहमीच्या उतरंडीतून ती बाहेर काढून स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग पाडले, साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता बसवला. महाड, रत्नागिरी, कुडाळपासून उडुपीपर्यंत. निर्णय जिथं माती खचत होती तिथं झाले. पेडण्याच्या बोगद्यानं मऊ मातीमुळे वर्षानुवर्षं छळलं. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल तुकड्या-तुकड्यानं पुढं सरकवत बांधला, त्या तंत्राचा देशातला तो पहिला पूल. आणि सगळी लाइन होईपर्यंत कुणी थांबलं नाही. १९९३ मध्येच एका टोकाला मंगळुरू-उडुपी आणि दुसऱ्या टोकाला रोहा-वीर गाड्या धावू लागल्या, पूर्ण मार्ग १९९८ मध्ये झाला. (महामार्गाचं काही विचारू नका, तिथून येताना माझी कंबर गेली.)

रेल्वे म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, हे मला कळतं. रूळ एकदा टाकले की दर पंधरवड्याला हलवता येत नाहीत. श्रीधरन काही एजाइलवाले नव्हते आणि कडक शिस्तीचे होते. पण अधिकार खाली दिला, काम तुकड्यांत वापरात आणलं, आणि हे याच मातीतल्या सरकारी नोकरीतल्या माणसांनी केलं. म्हणून संस्कृतीचं कारण पुढं करणाऱ्यांनी थोडं दमानं घ्यावं.

तासांच्या वादातही लोक हीच गोष्ट विसरतात. बारा तत्त्वांतलं आठवं म्हणतं, काम असा वेग धरून व्हावं जो कितीही काळ टिकेल. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बांधून ठेवतात, कारण त्या दोन महिन्यांत जाळं टाकलं तर पुढच्या हंगामाला मासळी उरणार नाही. ७० तासांवाल्यांना हा हिशोब कुणीतरी समजावायला हवा. न केलेलं काम वाढवणं, म्हणजे नको ते काम टाळणं, ही कला आहे, असंही त्याच बारांत लिहिलंय. निम्मे रिपोर्ट बंद केले तर कित्येक टीमचे बरेच तास असेच मोकळे होतील.

भाच्यानं विचारलं, "पण मामा, आमच्या साहेबाला सांगायचं कुणी?" मी म्हटलं, साहेबाला क्लायंट सांगतो तेव्हाच ऐकू येतं. म्हणून सुरुवात आमच्या बाजूनं व्हायला हवी. पुढच्या करारासाठी मी तीन महिन्यांचे तुकडे सुचवलेत, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी चालणारं काहीतरी बघायचं आणि मगच पुढचं ठरवायचं. किती काम उचलायचं ते टीम ठरवेल, आणि लहान खर्चाची सही टीमकडेच राहील. खरेदी विभागानं उत्तर दिलंय: तीन महिन्यांचं चालेल, सहीचं बघू.