गोलकीपर नुसती उभी नसते, सर

सर, नॉर्वेची हँडबॉल गोलकीपर कात्रीने लुंडे हिच्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोलकीपर एका जागी उभी असते, तिला 'महान' म्हणणं अति झालं. ४४ व्या वर्षीही तिनं तरुण मुलींची जागा अडवली. आणि हँडबॉल हा ग्रेस मार्क आणि सरकारी नोकरीतल्या ५ टक्के कोट्यासाठी खेळायचा खेळ, त्यात व्यावसायिक कारकीर्द कसली? तुम्ही २० वर्षं शाळेत खेळ शिकवताय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या मुद्द्यावर मी जराही मागे हटणार नाही. गोल ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. हल्ला करणारी मुलगी गोलसमोरच्या ६ मीटरच्या रेषेवरून आत झेपावते आणि हवेत असतानाच चेंडू सोडते. म्हणजे चेंडू सुटतो तेव्हा मध्ये ६ मीटरही उरलेले नसतात. चेंडू बघून हात हलवला तर तो जाळ्यात गेलेला असतो. म्हणून कीपर तिचा खांदा बघते, कोपर बघते, आपल्या बचावपटूंनी कुठला कोपरा झाकलाय ते बघते. कधी एक कोपरा मुद्दाम मोकळा ठेवते आणि शॉट सुटतानाच तिकडे पाय फेकते. इतकं सगळं करून १०० पैकी ३०-३५ शॉट अडले, तर दिवस उत्तम गेला म्हणतात. म्हणजे जगातल्या उत्तम कीपरवरसुद्धा तीनातले दोन गोल होतात, आणि चौथ्या शॉटला तिला काहीच घडलं नाही अशा मनानं उभं राहावं लागतं. लुंडे हे दोन दशकांहून जास्त काळ करत आली.

मी कॉलेजात तीन वर्षं गोलमध्ये होते, सिमेंटच्या मैदानावर. एका मॅचमध्ये माझ्यावर ३१ गोल झाले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "हिला काढा!" आणि मला काढलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की पुढचा शॉट माझ्या वाट्याला आला नाही.

आता जागा अडवण्याचं. तुम्हाला माहीतच आहे, हँडबॉलमध्ये खेळ चालू असताना, पंचांना न विचारता, कितीही वेळा खेळाडू बदलता येतात. कीपर चालत नाही असं दिसलं की मिनिटभरात दुसरी आत. सात मीटरच्या एका पेनल्टीपुरतीही दुसरी येते. अशा खेळात जागा धरून बसणार कशी? नॉर्वेच्या संघात तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान सिल्ये सोलबर्ग होतीच. २०१५ ची विश्वविजेतेपद स्पर्धा नॉर्वेनं लुंडेशिवाय जिंकली. त्यानंतर आई झालेल्या लुंडेनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी जागा परत मिळवली. ती कुणी राखून ठेवलेली नव्हती.

२००८ ला बीजिंगमध्ये जुळी बहीण क्रिस्टिनेबरोबर सुवर्ण, २०१२ ला लंडनमध्ये मॉंटेनेग्रोला २६-२३ हरवून पुन्हा सुवर्ण. मग रिओत आणि टोकियोत दोन्ही वेळा उपांत्य सामना एका गोलानं गेला आणि कांस्यावर थांबावं लागलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तर पहिलीच मॅच स्वीडननं जिंकली, ३२-२८. त्यानंतर नॉर्वे एकही सामना हरली नाही. अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सला २१ गोलांवर रोखलं आणि स्वतः २९ केले. पहिल्या आणि तिसऱ्या सुवर्णात १६ वर्षांचं अंतर आहे. ही वर्षं कुणी दान केलेली नाहीत, सर.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र तुमच्यामुळे माझी चूक माझ्या लक्षात आली. मी पदकं मोजली, पोट कशावर चालतं ते लिहिलंच नाही. पगार क्लब देतो. त्यासाठी लुंडे डेन्मार्कमध्ये खेळली, हंगेरीत ग्यूरकडून खेळली, रशियात रोस्तोवला गेली. २०१७ मध्ये आपल्या गावी, क्रिस्टियानसानला परतली. तिथल्या वायपर्स क्लबनं २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. तिच्या नावावर अशा एकूण सात लीग आहेत: डेन्मार्कच्या व्हिबोर्गकडून दोन, ग्यूरकडून दोन, वायपर्सकडून तीन. आणि तोच क्लब जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाला! तीन वेळा युरोप जिंकलेला क्लब. ऑलिंपिक सुवर्णाला सहा महिनेही झाले नव्हते आणि ४४ व्या वर्षी तिला हंगामाच्या मध्यात नवा क्लब शोधावा लागला. डेन्मार्कच्या ओडेन्सेनं घेतलं. हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं.

आणि म्हणूनच कोट्याबद्दलचं तुमचं वाक्य मला लागलं. तिकडे मुलीला क्लबचा करार मिळतो, इकडे सर्टिफिकेट मिळतं. माझ्या संघातल्या दोघी त्याच सर्टिफिकेटवर नोकरीला लागल्या, त्यांच्या घरातला पहिला सरकारी पगार. गुडघे फोडून घेऊन खेळल्या होत्या त्या. त्यांच्या खेळाला कमी लेखू नका.

आपल्याकडे जिला पळता येत नाही तिला गोलमध्ये उभी करतात. मलाही तशीच उभी केली होती. तुमच्या शाळेत यंदा कोण उभी आहे, कळवा. शनिवारी सकाळी मी मोकळी असते. तुम्ही बोलावलंत तर येईन आणि तिच्याबरोबर तासभर मैदानावर थांबेन.