क्लोनिंगची ती पोस्ट आणि तिच्यातून गायब झालेल्या माद्या

एक पोस्ट सध्या जोरात फिरतेय, तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेली असेल. एकाच कुत्र्याचे वाटावेत असे दोन फोटो शेजारी शेजारी आणि खाली दावे: क्लोन म्हणजे तोच प्राणी परत, टेक्नॉलॉजी आता पक्की झालीय, कुणाला त्रास नाही फक्त कातडीचा बारीक तुकडा लागतो, माणसाचं क्लोनिंगपण गुपचूप झालंय, विरोध करणारे फक्त धर्मवाले, आणि नामशेष प्राणी आता परत येणार. खाली सगळे हार्ट टाकतायत. म्हटलं एकेक घेऊया.

"तोच प्राणी परत येतो." नाही येत. 2001 च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये पहिली क्लोन मांजर जन्मली, नाव सीसी. जिच्यापासून केली ती रेनबो तिरंगी होती, म्हणजे पांढरी-काळी-केशरी, आणि सीसीच्या अंगावर केशरी रंग औषधालाही नव्हता. कारण मांजरीत केशरी रंगाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, मादीला एक्स दोन, आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद पडलेला असतो. ज्या पेशीपासून सीसी बनली तिच्यात केशरीवाला बंद होता, विषय संपला. म्हणजे जीन्स तेच असून रंगसुद्धा तोच येईल याची खात्री नाही, आणि लोक स्वभावाची गॅरंटी मागतायत! टेक्सासमध्येच चान्स नावाचा एक बैल होता, एकदम गरीब, लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला यायचे. तो म्हातारपणी गेला, त्याचा क्लोन केला, नाव ठेवलं सेकंड चान्स, आणि त्याने मालकाला दोनदा शिंगावर घेतलं. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. तुमच्या मेलेल्या कुत्र्याची कुठलीही आठवण त्याच्याकडे नसते, तुम्ही त्याला अनोळखीच.

आता "टेक्नॉलॉजी पक्की" आणि "फक्त कातडीचा तुकडा" हे दोन एकत्र घेतो, कारण खरी गोम इथे आहे.

कातडीच्या तुकड्यातून पिल्लू निघत नाही हो. पेशी तुमच्या कुत्र्याची, पण बीजांड दुसऱ्या मादीचं लागतं, त्यातलं केंद्रक काढून टाकायचं, तुमची पेशी त्यात बसवायची, विजेचा हलका झटका द्यायचा, आणि गर्भ वाढायला लागला की तो तिसऱ्याच मादीच्या पोटात सोडायचा. आणि हे एकदा करून भागत नाही. डॉली मेंढीचे, म्हणजे मोठ्या जनावराच्या पेशीपासून झालेल्या पहिल्या सस्तन क्लोनचे आकडे बघा, स्कॉटलंडमध्ये रॉसलिन इन्स्टिट्यूटला, 1996: 277 वेळा बीजांड आणि पेशी जोडली, त्यातून 29 गर्भ लावण्याजोगे निघाले, ते 13 मेंढ्यांच्या पोटात सोडले आणि जन्मलं एक कोकरू. पहिला क्लोन कुत्रा स्नपी, दक्षिण कोरियात सोलला, 2005: 1095 गर्भ, 123 कुत्र्या, तीन गाभण राहिल्या, एकीचा गर्भ पडला, दोन पिल्लं झाली, त्यातलं एक 22 दिवसांत न्यूमोनियाने गेलं. आपण फोटोतल्या एका पिल्लाकडे बघतो, त्या 123 जणींचा फोटो कुणी काढला नाही.

कुत्र्यांचं तर अजूनच अवघड आहे. कुत्री वर्षातून एकदा-दोनदा माजावर येते आणि तिचं बीजांड कच्चंच बाहेर पडतं, ते तिच्या पोटातल्या बीजनलिकेत पिकेपर्यंत थांबावं लागतं आणि मग पोट उघडून काढावं लागतं. गर्भ सोडतानापण परत ऑपरेशन. ह्या कुत्र्या कुणाच्या टॉमी-मोती नसतात, त्यांच्यासाठी कुणी रडत पोस्ट टाकत नाही.

एवढं अपयश का येतं तेही सांगतो. कातडीच्या पेशीने कातडी व्हायचं म्हणून आपले हजारो जीन्स बंद करून ठेवलेले असतात, ते सगळं पुसून तिला काही तासांत परत पहिल्या दिवसावर आणायचं काम बीजांड करतं, आणि ते बऱ्याचदा अर्धवट होतं. मग वार (प्लासेंटा) नीट तयार होत नाही, जनावर गाभडतं, गाईंमध्ये वासरू पोटातच अवाढव्य वाढतं, कधी जन्मल्यावर फुफ्फुसं साथ देत नाहीत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आकडे सुधारलेत, हे मान्य. पण "पक्की" हा शब्द अजून लांब आहे.

आपल्याकडचंच घ्या. हरियाणात कर्नालच्या एनडीआरआयमध्ये, म्हणजे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत, फेब्रुवारी 2009 मध्ये समरूपा नावाची क्लोन रेडी जन्मली, आठवडाही जगली नाही. मग त्याच वर्षी गरिमा, ती साधारण दोन वर्षं. नंतरची गरिमा-2 मात्र नीट वाढली, 2013 मध्ये व्याली, आणि 2023 मध्ये तिथेच गीर गाईची क्लोन गंगा झाली. म्हशींच्या कामात बरीच बीजांडं कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयातून काढतात, म्हणजे निदान त्यासाठी जिवंत म्हशीवर ऑपरेशन नाही. त्यामुळे हे आणि श्रीमंताच्या घरचा कुत्रा मी एका तराजूत टाकत नाही. (एकाच भारी रेड्याचे क्लोन करून त्याच्याच वीर्याच्या कांड्या गावोगाव वाटल्या तर पुढे सगळ्या म्हशी एकमेकींच्या बहिणी, हा प्रॉब्लेम वेगळाच.)

आणि जरा विरोधकांनाही. "डॉली अकाली म्हातारी होऊन मेली" हा फॉरवर्डपण बंद करा. तिला विषाणूमुळे होणारा फुफ्फुसाचा ट्यूमर झाला होता, तो साध्या मेंढ्यांनाही होतो, म्हणून 2003 मध्ये तिला शांतपणे मरण दिलं. तिच्याच पेशींपासून केलेल्या चार मेंढ्या नॉटिंगहॅममध्ये तपासल्या, 2016 मध्ये तो अभ्यास आला, त्या वयाच्या मानाने ठणठणीत निघाल्या. म्हणजे जो क्लोन लहानपणी तरतो तो पुढे बऱ्यापैकी जगतो. मुद्दा जे तरत नाहीत त्यांचा आहे, आणि ज्यांच्या पोटात ते तरत नाहीत त्यांचा.

"माणसाचं क्लोनिंग गुपचूप झालंय." 2002 च्या डिसेंबरमध्ये क्लोनेड नावाच्या कंपनीने, म्हणजे उडत्या तबकड्यांवाल्या एका पंथाच्या लोकांनी, पहिलं क्लोन बाळ झाल्याचं जाहीर केलं होतं. बाळ दाखवा म्हटलं तर नाही, डीएनए टेस्ट द्या म्हटलं तर नाही. आजपर्यंत नाही. दुसरीकडे कोरियाचा ह्वांग वू-सुक, स्नपीवालाच, त्याने माणसाच्या क्लोन गर्भातून स्टेम सेल (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी) काढल्याचे पेपर छापले, ते खोटे निघाले आणि 2006 मध्ये मागे घेतले गेले. पण त्या खोट्यासाठी शंभरावर बायकांकडून दोन हजारांच्या वर बीजांडं खरोखर घेतली होती, त्यात त्याच्याच लॅबमधल्या ज्युनियर मुलीपण होत्या. इंजेक्शनं, सूज, दुखणं सगळं खरं, आणि हाती शून्य. माकडांवर काय झालं तेही बघा: शांघायला 2017 च्या शेवटी झोंग झोंग आणि ह्वा ह्वा झाल्या, 79 गर्भ, 21 माकडिणी, आणि जगलेली पिल्लं दोन. तीही गर्भातल्या पेशीपासून. मोठ्या माकडाच्या पेशीपासून केलेली दोन जन्मली आणि लगेच गेली. आता माकडिणीच्या जागी बाई ठेवा आणि सांगा, कुठला डॉक्टर याला हो म्हणेल?

म्हणूनच "विरोध फक्त धर्मवाल्यांचा" हे वाचून हसू आलं. डॉली करणारे इयन विल्मट स्वतः माणसाचं क्लोन बाळ जन्माला घालण्याच्या विरोधात होते. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) गाइडलाइनमध्येही माणसाचं क्लोन बाळ जन्माला घालायला बंदी आहे, त्यात आत्मा-बित्मा काही नाही. उलट 2005 मध्ये युनोत माणसाच्या सगळ्याच क्लोनिंगवर बंदी घाला असा ठराव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिलं, कारण त्यात उपचारासाठीचं संशोधनही अडकलं असतं.

राहिला नामशेष प्राण्यांचा. स्पेनमधली बुकार्डो ही रानबकरी 2000 मध्ये संपली, शेवटच्या मादीच्या पेशीपासून 2003 मध्ये क्लोन जन्मला आणि काही मिनिटांत फुफ्फुसाच्या दोषाने गेला. जगला असता तरी मादीच, नर आणायचा कुठून? मात्र अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटचं (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) काम मला पटतं. आजचे सगळे फेरेट सात जनावरांपासून आलेत, आणि 1988 मध्ये गोठवून ठेवलेल्या, त्या सातांबाहेरच्या एका मादीच्या पेशींपासून 2020 मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन झाली, तिच्याच एका क्लोन बहिणीला 2024 मध्ये पिल्लंही झाली. तिथे खरंच नवं रक्त आलं, कारण मागे जिवंत कळप होता आणि त्याला सोडायला माळरान होतं. आपल्याकडे छत्तीसगडच्या रानम्हशीची क्लोन दीपाशा 2014 मध्ये कर्नालला झाली, ती जाऊन बसली रायपूरच्या जंगल सफारीत, आणि ती रानम्हशीसारखी दिसत नाही यावरच वाद. इकडे गडचिरोलीत कोलामार्काला थोड्या रानम्हशी अजून आहेत, त्यांना हवंय गवत, पाणी आणि शांतता. ते काही व्हायरल होत नाही.

बाकी ज्याचे पैसे त्याची मर्जी असं म्हणणारे येतीलच कमेंटला. अमेरिकेत कुत्र्याच्या क्लोनला पन्नास हजार डॉलर घेतात, घ्या बापडे. पण पुढच्या वेळी पोस्ट टाकाल तेव्हा त्या दोन फोटोंच्या खाली एवढं तरी लिहा, किती कुत्र्यांची पोटं उघडली आणि नंतर त्या कुठे गेल्या.