ईमच्या प्लेगचा तो फॉरवर्ड खरा किती?

लॉकडाऊनपासून एक मेसेज फिरतोय, अजूनही अधूनमधून कुठल्यातरी ग्रुपवर येतोच. थोडक्यात असा: 1665 साली लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग इंग्लंडमधल्या ईम नावाच्या खेड्यात आला, 350 वस्तीच्या अख्ख्या गावाने एकमताने स्वतःला कोंडून घेतलं, 260 जण मेले आणि त्यांच्या त्यागामुळे इंग्लंड वाचलं. गाव खरं आहे, डर्बीशायरच्या डोंगराळ भागातलं, प्लेगही खरा, पण बाकी बरंच नीट बघायला हवं.

आधी ते "एकमताने". पहिला मृत्यू सप्टेंबर 1665 मधला, शिंप्याकडे कामाला असलेल्या जॉर्ज विकर्सचा. गावबंदी ठरली जून 1666 मध्ये, म्हणजे मधे नऊ महिने गेले, आणि तोवर ऐपत असलेली काही घरं गाव सोडून निघूनही गेली होती. रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य पाद्री, विल्यम मॉम्पेसनने स्वतःची मुलं बाहेर पाठवली, बायको कॅथरिन मात्र राहिली आणि ऑगस्टमध्ये प्लेगने गेली. त्याला दोष नाही देत मी, पोटची पोरं आहेत, कोणीही हेच केलं असतं. पण तो गावात नवा, वय तिशीच्या आतलं, आणि लोक मानायचे आधीच्या पाद्र्याला, थॉमस स्टॅनलीला, ज्याने सरकारी प्रार्थनापद्धत नाकारली म्हणून 1662 मध्ये त्याचं पद गेलं होतं. या दोघांचं धर्माच्या बाबतीत पटण्यासारखं काहीच नव्हतं, तरी दोघे एकत्र आले तेव्हा कुठे गाव तयार झालं. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यात राहणाऱ्या अर्ल ऑफ डेव्हनशायर या सरदाराने धान्य-सामान पुरवायचं मान्य केलं, ते हद्दीवर ठेवलं जायचं आणि पैसे दगडातल्या खळग्यांत व्हिनेगरमध्ये टाकायचे. आणि गरीब माणूस जाणार तरी कुठे होता? प्लेगच्या गावातून आलेल्याला दारात कोण उभं करणार!

350 चा आकडा नंतरच्या काळातल्या गोष्टींमधून आलाय. त्या काळच्या चूलकराच्या (घरातल्या चुली मोजून घेतला जाणारा कर) नोंदींवरून अभ्यासक वस्ती 700 च्या आसपास धरतात. मृतांचा आकडा मात्र साधारण बरोबर आहे, म्हणजे गाव जवळजवळ संपलं असं नाही, तिघांतला एक किंवा थोडे जास्त गेले. हे काय कमी आहे? फुगवायची गरजच नाही.

कापडाचा गठ्ठा शक्य आहे, परंपरेने तेच सांगितलं जातं. प्लेग पिसवांमधून पसरतो हे मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, ते फ्रेंच डॉक्टर सिमोंने 1898 मध्ये कराचीत दाखवलं, आपल्याकडे मुंबई-पुण्यात प्लेग चालू होता त्याच काळात. आणि 2016 मध्ये ईमच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात असं दिसलं की साधारण तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, त्यातही घरातल्या घरात फार. म्हणूनच मला रायली शेतावरची एलिझाबेथ हॅन्कॉक विसरता येत नाही. ज्याने त्याने आपापली माणसं पुरायची असं ठरलेलं, त्यामुळे ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं तिने एकटीने घराजवळ पुरली, मदतीला येणार कोण. त्या कबरी आजही तिथे आहेत. "गावाचा त्याग" म्हणताना हा हिशोब कुणाच्या घरातून चुकता झाला तेही बघा.

आता "इंग्लंड वाचलं". लंडनमध्ये सरकारी नोंदींतच 68 हजारांवर प्लेगचे बळी आहेत, कोलचेस्टरमध्ये 5 हजारांच्या आसपास माणसं मेली. ईम बंद होण्याआधीच प्लेग देशभर जागोजागी पोचलेला होता. आजूबाजूची खेडी, बेकवेल, शेफील्ड वाचायला गावबंदीची मदत झाली असेल, हे पटतं, आणि तेवढंही खूप मोठं आहे.

नोव्हेंबर 1666 मध्ये शेवटचा बळी गेला. पुढे मॉम्पेसनची बदली ईक्रिंगला झाली तर सांगतात की तिथले लोक घाबरून त्याला गावात घेईनात. ईममध्ये दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, चर्च बंद ठेवून जिथे उघड्यावर प्रार्थना व्हायची त्या कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, अजूनही स्मरणप्रार्थना होते. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर 350 काढा, "एकमताने" काढा, आणि स्टॅनलीचं नाव घाला, कारण पद गेलेलं असताना, कुठलीही जबाबदारी अंगावर नसताना तो माणूस तिथे राहिला आणि मेसेजात त्याचा उल्लेखच नाही.