दोन प्रश्नांत डिप्रेशन? जरा थांबा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘नऊ प्रश्नांची डॉक्टरी चाचणी आता फक्त दोन प्रश्नांत! मूळ चाचणीइतकीच अचूक, जगभर सिद्ध. बेरीज ३ किंवा जास्त आली तर तुम्हाला डिप्रेशन आहे.’ खाली अंगठ्यांची रांग. मी मुंबईतच मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना.

चाचणी खोटी नाही, हे आधीच सांगते. नऊ प्रश्नांची ती मूळ चाचणी, पीएचक्यू-९, आली २००१ मध्ये; तिचे पहिले दोन प्रश्न घेऊन पीएचक्यू-२ आली २००३ मध्ये. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं किती वेळा झालं आणि निराश किती वेळा वाटलं, एवढंच. प्रत्येकाला ० ते ३ गुण.

‘मूळ चाचणीइतकीच’ म्हणाल, तर गणित आडवं येतं. प्रश्न कमी केले की विश्वसनीयता, म्हणजे गुण किती भरवशाचे हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, घसरते. किती, ते सांगणारं स्पिअरमन-ब्राउन सूत्र १९१० पासून आहे. २० प्रश्नांची विश्वसनीयता ०.९० असेल आणि त्यातले तशाच जातीचे ५ ठेवले, तर उरते साधारण ०.६९. यावर वर्गात कोणीतरी हमखास सुचवतं, “मॅडम, सारखेच प्रश्न ठेवू, अल्फा वाढेल.” अल्फा म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, त्यावरून काढलेला विश्वसनीयतेचा अंदाज. वाढतो की! ‘उदास वाटतं का’, ‘खिन्न वाटतं का’, ‘मन उदास असतं का’ असं विचारा, क्रॉनबॅकचा अल्फा झकास येईल. पण एकच गोष्ट तीनदा विचारली. झोप, भूक, थकवा दाराबाहेरच राहिले, म्हणजे सप्रमाणतेच्या (जे मोजायचं तेच मोजलं जातंय का, याच्या) नावाने बोंब. पीएचक्यू-२ मधून तर नववा प्रश्नही गळतो: मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का?

‘जगभर सिद्ध’ची गंमत वेगळीच. २००३ च्या त्या अभ्यासात लोकांनी हे दोन प्रश्न सुटे सोडवलेच नव्हते. अख्ख्या प्रश्नावलीतून त्यांचे गुण वेगळे काढले होते. तेही अमेरिकेतल्या दवाखान्यांत. आपल्याकडचा अनुवाद कोणी तपासला? फॉरवर्डमधला पहिला प्रश्न मी शेजारच्या मावशींना वाचून दाखवला: ‘आपणास कार्यकलापांमध्ये अल्प रुची वाटते का?’ मावशी मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “रुची आहे गं तोंडाला, सकाळीच पोहे खाल्ले.” शून्य गुण! जुडी संपत आली तेव्हा आपणहून म्हणाल्या, “हे गेल्यापासून जीव रमत नाही बघ कशात. दुपार सरता सरत नाही.” प्रश्नाला हवं होतं ते नेमकं हेच उत्तर, फक्त प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

राहिलं ‘३ म्हणजे डिप्रेशन’. त्याच अभ्यासात ३ ही रेषा धरली तर आजार असलेल्यांपैकी ८३ टक्के सापडले आणि नसलेल्यांपैकी ९२ टक्के बरोबर वगळले गेले. आकडे चांगलेच आहेत. आता समजा, १,००० माणसांच्या वसाहतीत ५० जणांना आजार आहे. त्यातले ४१-४२ सापडतील, आणि उरलेल्या ९५० मधले ७६ उगाचच अडकतील. म्हणजे ३ गुण आलेल्यांत निरोगीच जास्त! ही चाळणी आहे; ३ आले तर पुढे नऊ प्रश्न आणि जाणत्या माणसाशी बोलणं, असा तिचा वापर.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं: बेरीज काहीही येवो, जड वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. त्याला दोन अंगठे आले.