नागपुरात लाकडी फ्लोअरिंग टिकतं, फक्त लाकूड वाळलेलं हवं

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नागपुरात खऱ्या लाकडाचं फ्लोअरिंग करू नका. ४५ डिग्रीत ते तडकतं, पावसाळ्यात फुगतं आणि त्यातून वाचलं तर वाळवी खाते. हौसच असेल तर परदेशी ओक घ्या, तो सागापेक्षा कडक असतो. शहाणे असाल तर लॅमिनेट टाका, दिसायला तेच, वॉटरप्रूफ आणि निम्म्या पैशात.

मी याच शहरात फ्लोअरिंगची कामं करतो. लोक हा मेसेज दाखवून सागाला नाही म्हणतात तेव्हा जीव तुटतो. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग आपल्या बल्लारपूरहून गेला, नव्या संसद भवनासाठीचा साग नागपूरहून गेला. आणि लकडगंजच्या लाकूडबाजारापासून दोन-चार किलोमीटरवर राहणारा माणूस छापील कागदाचं लाकूड, म्हणजे लॅमिनेट, घरात टाकतो, तेही एका फॉरवर्डच्या भरवशावर. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“४५ डिग्रीत तडकतं.” लाकूड तापल्यामुळे जेवढं हलतं ते नगण्य. ते हलतं हवेतल्या ओलाव्यामुळे. हवा कोरडी झाली की लाकूड पाणी सोडून आकसतं, दमट झाली की पाणी धरून फुगतं. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते. ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते. इतक्या कोरड्या हवेत लाकडातला ओलावा ५ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, भर पावसाळ्यात १५ पर्यंत चढू शकतो. घरात हा फरक थोडा कमी पडतो, पण नागपूरची खरी अडचण हीच आहे, थर्मामीटर नाही.

आता ज्या घरात कूलर चालतो तिथे बघा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, बाहेर हवा भाजत असते, पण कूलरच्या खोलीत आर्द्रता बरीच जास्त असते. म्हणजे ज्या दिवसांत लाकूड सगळ्यात जास्त आकसायचं, त्याच दिवसांत कूलर त्याला आकसू देत नाही. एसीच्या खोलीत उलट होतं, तिथे फटी जास्त दिसतात. कूलरचे तुषार थेट फळीवर उडू नयेत, एवढं मात्र सांभाळावं लागतं. खिडकीतल्या कूलरसमोरची पहिली हातभर जागा मी बहुतेक ठिकाणी दगडाचीच ठेवायला सांगतो.

“पावसाळ्यात फुगतं.” फुगणारच. प्रश्न एवढाच की फुगायला जागा ठेवली होती का. मानेवाड्याकडच्या एका घरात जुलैमध्ये भिंतीलगतच्या फळ्या तंबूसारख्या वर आल्या होत्या. काम दुसऱ्या कोणाचं होतं, घरमालकांनी मला नुसतं बघायला बोलावलं होतं. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, काढली तर शेवटची फळी प्लास्टरमध्ये अक्षरशः रुतलेली. कडेला एक सूतही फट नव्हती. विचारल्यावर कळलं की काम मेच्या शेवटी झालं होतं. म्हणजे लाकूड वर्षातलं सगळ्यात सुकं होतं आणि त्याच मापात ते भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवलं होतं. पाऊस सुरू झाल्यावर त्याला वर येण्याखेरीज दुसरा रस्ता नव्हता.

चारी बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर फट सोडायची आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची. हॉल मोठा असेल तर मध्येही सांधा द्यायचा. काम दसऱ्यानंतर काढायचं, कारण तेव्हा हवा ना पार कोरडी असते ना चिंब. फळ्या ज्या खोलीत बसवायच्या त्याच खोलीत आधी आठवडाभर, जमल्यास दोन आठवडे, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायच्या. आणि ओलावा मोजायचा. मॉइश्चर मीटर हे मुठीत मावणारं यंत्र आहे, त्याच्या दोन सुया फळीच्या मागच्या बाजूला टोचल्या की आकडा दिसतो. ९ ते ११ टक्के आला तर बसवा. १६-१७ आला तर माल परत पाठवा, मग दुकानदार ‘भट्टीत सिझनिंग केलंय’ म्हणून कितीही शपथा घेवो. उन्हाळ्यात फळ्यांमध्ये नखाएवढ्या फटी दिसल्या तर त्या लांबीनं (पुट्टीनं) भरायच्या भानगडीत पडू नका. पावसाळा आला की त्या आपोआप मिटतात, आणि भरलेल्या असल्या तर लांबी तरी बाहेर फेकली जाते नाहीतर फळीची कड चेपते.

“ओक घ्या, सागापेक्षा कडक.” मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात फसवं आहे, कारण ते खोटं नाही. कडकपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे. तिच्यात पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. साग १,००० पाउंडांच्या जरा वर-खाली, व्हाइट ओक १,३६०. पण हा आकडा खुर्चीच्या पायाचा किंवा पडलेल्या तांब्याचा पोचा किती खोल जाईल एवढंच सांगतो. नागपुरात फ्लोअरिंग पोच्यांनी वाया जात नाही, आकसण्या-फुगण्यानं जातं. आणि तिथे साग ओकपेक्षा सरळ दुप्पट चांगला आहे. लाकडातला ओलावा ८ टक्क्यांनी बदलला, तर ९० मिलिमीटर रुंदीची सागाची आडवी कापलेली (टोकाला रिंगांच्या रेघा आडव्या दिसणारी) फळी साधारण १.३ मिलिमीटर हलते, तशीच ओकची फळी २.६. हा फरक प्रत्येक फळीत आहे आणि एका खोलीत अशा तीस-चाळीस फळ्या शेजारी शेजारी बसतात.

यातही सुधारणा करता येते. आरा मशीनवर लाकूड कसं कापलं यावर फळीचं हलणं ठरतं. फळीचं टोक हातात घेऊन बघा. वार्षिक रिंगांच्या रेघा उभ्या दिसत असतील तर ती फळी रुंदीत जवळजवळ निम्मीच हलेल. रेघा आडव्या, कमानीसारख्या पडल्या असतील तर जास्त हलेल. उभ्या रेघांची फळी महाग पडते, कारण तशी कापताना लाकूड जास्त वाया जातं. सगळं घर तसं करणं परवडत नसेल तर निदान एसीच्या खोलीपुरतं तरी मागा, आणि फळ्या ९० मिलिमीटरच्या वर नेऊ नका. सहा-सात इंच रुंदीच्या फळ्या फोटोत फार देखण्या दिसतात, पण या हवेत भरीव लाकडात त्या मी बसवत नाही. रुंद फळी हवीच असेल तर इंजिनिअर्ड लाकूड घ्या. त्याला खाली प्लाय असतो आणि वर खऱ्या लाकडाचा थर. तो थर किमान ३-४ मिलिमीटर हवा, म्हणजे पुढे एखाद-दोनदा घासून नव्यानं पॉलिश करता येईल.

“वाळवी खाते.” सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं आणि तेल असतं, म्हणून जुन्या वाड्यांचे सागवानी खांब अजून शाबूत आहेत. बाहेरच्या पांढुरक्या भागात ते संरक्षण नसतं, आणि लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा पांढुरका भाग जास्त असतो. स्वस्तात मिळणाऱ्या ‘सागा’ला वाळवी लागते ती बहुतेक इथेच. तेव्हा फळीवर पांढरी पट्टी दिसली की ती वेगळी काढायला सांगा. शिवाय वाळवी जमिनीतून येते, तेव्हा पायथ्याशी औषध मारलेलं हवंच, फ्लोअरिंग कशाचंही असो.

“लॅमिनेट वॉटरप्रूफ.” नाही. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुशाचा बोर्ड आणि त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद. वरचा थर पाणी अडवतो, पण सांध्यातून पाणी आत गेलं की बोर्डाची कड फुगते आणि ती परत बसत नाही. पाकिटावरचा एसी-४ हा आकडा घासलं जाणं किती सोसतं त्याचा आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही. खरंच पाणी सोसतं ते एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पाट्या. भाड्याच्या घरात जरूर टाका. पण त्यावरही छापील थरच आहे, तो झिजला की बदलण्याशिवाय उपाय नाही. पश्चिमेच्या खिडकीतून रोज दुपारचं ऊन पडत असेल तर उन्हानं पसरणारा पदार्थ हाच आहे, प्लास्टिक. १८-२० मिलिमीटरची भरीव सागाची फळी मात्र चार-पाच वेळा घासून नवी करता येते. निम्म्या पैशांचा हिशोब मांडताना हे कोणी धरत नाही.

मेसेजमध्ये नसलेल्या पण खऱ्या असलेल्या दोन अडचणी आहेत. मेमध्ये जमिनीवर उघड्या पाठीनं पडायचं सुख कोटा दगडाची फरशी देते, ते लाकूड देणार नाही. आणि बादलीभर पाण्याचा रोजचा पोछा बंद करावा लागेल. फडकं घट्ट पिळून पुसायचं. घरात हे कोणी पाळणार नसेल तर लाकडाचा हट्ट धरू नका.

तळमजला असेल तर काळ्या मातीतून वर चढणारी ओल आधी तपासा. दोन-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारी बाजूंनी टेप लावा आणि निदान १६ तास तसाच राहू द्या. मग प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडलेला दिसला, तर त्या खोलीत या वर्षी कुठलंही लाकूड टाकू नका. आधी ओलीचा बंदोबस्त करा.